कळंबपासून जग किती लांब

मुंबईपासून सॅन फ्रान्सिस्को जितकं लांब आहे, त्याहून कळंबपासून ते थोडं जवळ आहे. पृथ्वीच्या गोलावर मोजलं तर मुंबईचा विमानतळ आणि सॅन फ्रान्सिस्कोचा विमानतळ यांच्यातलं कमीत कमी अंतर सुमारे 13,510 किलोमीटर भरतं. धाराशिव जिल्ह्यातल्या, मांजरा नदीच्या काठावरच्या आमच्या कळंबपासून तेच अंतर 13,480 किलोमीटरच्या आसपास येतं. म्हणजे तीसेक किलोमीटर कमीच. तरीही कळंबच्या माणसाला तिकडे जायचं तर आधी पश्चिमेला, मुंबईपर्यंत जावं लागतं. सरळ रेषेत ते 335 किलोमीटर आहे, रस्त्यानं चारशेच्या घरात. बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी, मग पुणे आणि मग घाट. रात्रभर प्रवास करून मुंबईत उतरावं, तर सॅन फ्रान्सिस्को एका किलोमीटरनंही जवळ आलेलं नसतं. ते तीस किलोमीटर लांब गेलेलं असतं.

दोन दूरच्या शहरांमधलं विमानाचं अंतर आणि प्रवासाला लागणारा वेळ हा या पुस्तकाचा विषय. तो विमान कंपन्यांचा किंवा भूगोलाच्या मास्तरांचा विषय आहे असं पूर्वी वाटायचं. आता तो कळंबच्या घराघरांतला झाला आहे. ज्यांच्या वडिलांनी सोयाबीन आणि उसावर घर चालवलं, ती मुलं पुण्यात आणि हैदराबादेत शिकली, आणि तिथून काही जण दुबईला, लंडनला, न्यू जर्सीला, कॅलिफोर्नियाला गेली. मागं राहिलेल्या आईवडिलांना एकच प्रश्न असतो: पोरगं किती लांब आहे? त्याचं उत्तर त्यांना कुणी नीट देत नाही. मुलगा म्हणतो, सोळा तास. एजंट म्हणतो, बावीस तास. शेजारी म्हणतो, दोन दिवस लागतात. आणि हे तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात. ती तीन उत्तरं एकमेकांत कशी बसतात, हे समजावून सांगण्यासाठी हे पुस्तक आहे.

सुरुवात अंतरापासून करावी लागेल. भिंतीवरचा जगाचा नकाशा आपल्याला शाळेपासून पाठ असतो, आणि तो अंतराच्या बाबतीत आपल्याला फसवतो. 1569 साली मर्केटरनं जो नकाशा काढला, तो जहाजावरच्या खलाशांसाठी होता. होकायंत्राची एकच दिशा धरून चाललं की त्या नकाशावर सरळ रेघ उमटते, हा त्याचा गुण. पण गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना ध्रुवांकडचा भाग ताणला जातो. त्या नकाशावर मुंबईवरून न्यूयॉर्कला पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तानावरून, उत्तर आफ्रिकेवरून आणि अटलांटिक महासागरावरून जाते. त्या रेघेवरून खरंच विमान नेलं तर सुमारे 14,200 किलोमीटर उडावं लागेल.

आता पृथ्वीचा गोल घ्या आणि मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून धरा. दोरा पश्चिमेला जातच नाही. तो उत्तरेकडे, थोडा वायव्येला झुकून निघतो. पाकिस्तान, अफगाणिस्तान, कॅस्पियन समुद्राच्या पूर्वेचा रखरखीत प्रदेश, मग मॉस्कोच्या जवळून, फिनलंड आणि नॉर्वे ओलांडून आइसलंडपाशी जातो. तिथं तो सुमारे 64 अंश उत्तरेपर्यंत चढलेला असतो. मग ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला स्पर्श करून, कॅनडातल्या लॅब्राडोरवरून खाली उतरत न्यूयॉर्कला येतो. लांबी सुमारे 12,530 किलोमीटर. कागदावरच्या सरळ रेघेपेक्षा हा वाकडा दिसणारा दोरा जवळजवळ 1,700 किलोमीटरनं आखूड आहे. या दोऱ्याला भूगोलात बृहद्वृत्त म्हणतात: पृथ्वीच्या मध्यातून जाणारं प्रतल पृष्ठभागाला जिथं कापतं, ते वर्तुळ. गोलावर दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट त्याच वर्तुळाच्या चापावर असते. पुस्तकातली सगळी हवाई अंतरं या रीतीनं काढलेली आहेत.

सॅन फ्रान्सिस्कोचा दोरा तर आणखी वर जातो. मुंबईहून निघताना त्याची दिशा उत्तरेपासून पूर्वेकडे जेमतेम 14 अंश कललेली असते. हिमालय, मध्य आशिया, सायबेरिया ओलांडून तो 76 अंश उत्तरेपर्यंत पोहोचतो, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्या बराच आत, आणि मग अलास्काच्या बाजूनं खाली उतरतो. दिशा थोडी पूर्वेकडे असल्यामुळेच मुंबईच्या पूर्वेला असलेलं कळंब सॅन फ्रान्सिस्कोला जवळचं ठरतं. न्यूयॉर्कच्या बाबतीत उलट होतं. तिथला दोरा वायव्येला जातो, त्यामुळे कळंबपासून न्यूयॉर्क मुंबईपेक्षा 200 किलोमीटरनं लांब पडतं. एकाच देशातल्या दोन शहरांपैकी एक आपल्याला मुंबईपेक्षा जवळचं आणि दुसरं लांबचं. ही गंमत भिंतीवरच्या नकाशावर कधीच दिसत नाही. म्हणून प्रत्येक शाळेत नकाशाच्या शेजारी गोल हवाच, आणि तो कपाटात कुलूपबंद न राहता मुलांच्या हातात असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

ही अंतरं अचूक काढता येतात, कारण पृथ्वीचा आकार कुणीतरी जमिनीवर पायी फिरून मोजून ठेवला आहे. त्या मोजणीचा मोठा भाग आपल्या दख्खनमधून गेला. 1802 साली मद्रासजवळ पायारेषा आखून विल्यम लॅम्ब्टननं त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं. साखळ्या, मनोरे, आणि अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट घेऊन त्याची माणसं टेकडीवरून टेकडीवर जात, साधारण 78 रेखांशाच्या कडेनं उत्तरेकडे सरकली. निजामाचा मुलूख ओलांडून वर येताना जानेवारी 1823 मध्ये लॅम्ब्टन वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच आहे. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टनं नेलं. एव्हरेस्टचं नाव जगातल्या सर्वोच्च शिखराला मिळालं. लॅम्ब्टनचं नाव हिंगणघाटच्या बाहेर फारसं कुणी घेत नाही, आणि हे मला अन्यायाचं वाटतं. रेखावृत्तावरचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे 111 किलोमीटर, हे आज आपण सहज बोलून जातो. त्या आकड्यामागं या माणसांची हयात आहे.

एकदा अंश हाताशी आला की हिशोब घरी करता येतो. कळंब 18.5 अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित वर आहे आणि 76 अंश पूर्व रेखांशावर. पुण्याचा लोहगाव विमानतळ जवळपास आपल्याच अक्षांशावर आहे, म्हणजे तो आपल्या थेट पश्चिमेला, सरळ रेषेत 220 किलोमीटर. पृथ्वीचा घेर 40,000 किलोमीटर, म्हणून पृथ्वीवरची कोणतीही दोन ठिकाणं 20,000 किलोमीटरपेक्षा लांब असू शकत नाहीत. कळंबच्या नेमका विरुद्ध बिंदू पॅसिफिक महासागरात, ईस्टर बेटाच्या ईशान्येला पाण्यात आहे. त्याहून दूर जायला जागाच नाही. परदेशी गेलेल्या मुलांच्या आयांना मी ही गोष्ट आवर्जून सांगतो. त्यांना ती धीराची वाटते.

दोरा विमानाला सर्वांत जवळची वाट दाखवतो. विमान मात्र त्याच वाटेनं जाईल याची खात्री नसते. आकाशालाही सरहद्दी असतात. फेब्रुवारी 2019 मध्ये बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर पाकिस्ताननं आपलं आकाश बंद केलं ते जुलैपर्यंत. एप्रिल 2025 मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर भारतीय विमानांसाठी ते पुन्हा बंद झालं. दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला, तास वाढले, काही उड्डाणांना मध्ये व्हिएन्नाला इंधनासाठी उतरावं लागलं. मुंबईच्या विमानांना त्याचा फटका कमी बसला, कारण त्यांची युरोपची नेहमीची वाट समुद्रावरून आखाताकडे जाणारीच आहे. रशिया-युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर 2022 मध्ये अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं, आणि मॉस्कोजवळून जाणारा तो आखूड दोरा त्यांच्यासाठी कागदावरच राहिला. म्हणून एकाच दिवशी, त्याच दोन शहरांमध्ये, दोन कंपन्यांच्या विमानांना वेगवेगळा वेळ लागू शकतो. पोरगं जिथं होतं तिथंच असतं. पण कुठल्यातरी तिसऱ्याच सीमेवर गोळी सुटते आणि त्याच्या घरची वाट दोन तासांनी लांबते.

दुसरा अडथळा वाऱ्याचा. मुंबई ते लंडन सुमारे 7,200 किलोमीटर आहे. प्रवासी विमान ताशी 900 किलोमीटरच्या आसपास उडतं, म्हणजे आठ तास पुरायला हवेत. वेळापत्रकात मात्र जाताना साडेनऊ-दहा तास दिसतात आणि येताना नऊच्या आतबाहेर. न्यूयॉर्कचंही तेच. जाताना सोळा तासांच्या आसपास, परतीला तास-दीड तास कमी. यावर वर्गात हमखास एक प्रश्न येतो: पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाणाऱ्या विमानाचा वेळ वाचायला नको का? विमान नुसतं वर थांबलं तरी खाली लंडन येईल की! प्रश्न चांगला आहे. उत्तर असं की हवाही पृथ्वीबरोबरच फिरते, आणि विमान त्या हवेत पोहत असतं. फरक पडतो तो उंचावरच्या वाऱ्यांचा. समशीतोष्ण पट्ट्यात नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा अरुंद, वेगवान झोत वाहतो. त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. विषुववृत्ताकडची ऊब आणि ध्रुवाकडचा गारवा यांच्यातल्या तफावतीतून तो जन्मतो, म्हणून हिवाळ्यात त्याचा जोर वाढतो. पूर्वेला येणारं विमान त्यात शिरून वेळ वाचवतं, पश्चिमेला जाणारं त्याला चुकवायला वाट बदलतं. म्हणूनच भारतातून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेली विमानं पुष्कळदा उत्तरेचा आखूड दोरा सोडून पूर्वेला, जपानच्या बाजूनं, पॅसिफिक ओलांडतात. वाट लांब, पण वारा पाठीशी. जानेवारी 2021 मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या महिला सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्को ते बंगळुरू विमान उत्तर ध्रुवावरून आणलं. सुमारे 14,000 किलोमीटर, सतरा तास. गोलावरचा दोरा त्या दिवशी खरोखरची वाट झाला.

घड्याळाचा गोंधळ सर्वांत जास्त माणसांना छळतो, पण समजायला तो सर्वांत सोपा आहे. पृथ्वी 24 तासांत 360 अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. भारताची प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची आहे. कळंब 76 वर आहे, म्हणून सूर्य आपल्या डोक्यावर यायला सरासरीनं सव्वीस मिनिटं उशीर होतो. मुंबईला साडेअडतीस. मुंबईनं तर 1955 पर्यंत आपली वेगळी वेळ चालवली होती, प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागची. परदेशाचं गणित हेच, फक्त मोठं. कॅलिफोर्निया आपल्या साडेतेरा तास मागे असतं, आणि तिथल्या उन्हाळी वेळेत, म्हणजे मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत, साडेबारा तास. कळंबला सकाळी आठ वाजता फोन लावला तर तिकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ असते. तिकिटावर निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ आपापल्या गावच्या घड्याळाची छापलेली असते. त्या दोन वेळांची वजाबाकी करून प्रवास किती तासांचा ते काढू नये. आधी दोन्ही वेळा एकाच घड्याळावर आणाव्यात. तिकिटावर वेगळा दिलेला प्रवासाचा काळ विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणंही त्यात आलं.

आता जमिनीकडे येतो. पुस्तकातला सर्वांत मोठा भाग जमिनीवरच्या प्रवासाचा आहे. विमानप्रवासाच्या पुस्तकात एसटीची आणि रेल्वेची इतकी पानं कशाला, असं काही वाचणाऱ्यांनी विचारलं. कारण कळंबच्या माणसाचा निम्मा वेळ तिथं जातो. कळंबहून रात्रीच्या बसनं मुंबई नऊ-दहा तास. आंतरराष्ट्रीय उड्डाणाला तीन तास आधी पोहोचायचं, आणि बस उशिरा आली तर म्हणून आणखी दोन-तीन तास हाताशी ठेवायचे. मध्ये एक थांबा असलेलं विमान धरलं तर वीस ते चोवीस तास. उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, सामान, मग मुलाच्या घरापर्यंतचा रस्ता. कळंबच्या उंबऱ्यापासून कॅलिफोर्नियातल्या उंबऱ्यापर्यंत छत्तीस ते चाळीस तास धरावेत. त्यातले हवेतले सतरा-अठरा, फार तर वीस. बाकीचे सगळे बसमध्ये, रांगेत आणि बाकड्यावर.

हे आजचंच नाही. आमच्या भागानं बाहेरच्या जगाचं अंतर नेहमीच स्टेशनपासूनच्या अंतरानं मोजलं. 1897 साली कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फूट रुंदीची छोटी रेल्वे सुरू झाली, आणि 1911 मध्ये ती लातूरला पोहोचली. बार्शी लाइट रेल्वे. येडशी, ढोकी, मुरूड अशी गावं तिनं जोडली. कळंब गाव मार्गावर नव्हतं, तरी 'कळंब रोड' नावाचं स्टेशन त्या मार्गावर आलं. गावाचं नाव आणि पुढं 'रोड', म्हणजे गाव अजून पुढं आहे. 2007-08 मध्ये हा मार्ग रुंद झाला आणि धाराशिव थेट मुंबईच्या गाडीशी जोडलं गेलं. ही छोटी रेल्वे बांधणारा अभियंता एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. त्याचा मित्र, रोल्स-रॉइसमधला चार्ल्स रोल्स, 1910 मध्ये विमान अपघातात गेला. त्या धक्क्यानंतर कॅल्थ्रॉपनं वैमानिकांचा जीव वाचवण्यासाठी पॅराशूट बनवण्यात स्वतःला झोकून दिलं. 'गार्डियन एंजल' हे त्या पॅराशूटचं नाव. बार्शीच्या रुळांवर हयातीचं काम केलेल्या माणसानं पुढं आकाशातून पडणाऱ्यांची काळजी वाहिली, ही गोष्ट आमच्या तालुक्यातल्या मुलांना ठाऊक असायला हवी.

मुंबईहून विमानं कशी वाढत गेली, ती कथा पुष्कळांनी सांगितली आहे; मी ती थोडक्यात ठेवली आहे. 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी टाटांनी पुस मॉथ या एक इंजिनाच्या विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल आणून जुहूला उतरवलं. 8 जून 1948 च्या रात्री एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. त्या रात्री कळंब अजून निजामाच्या राज्यात होतं. आमचं स्वातंत्र्य त्यानंतर तीन महिन्यांनी, 17 सप्टेंबरला आलं. 1960 च्या मे महिन्यात एअर इंडियाचं बोइंग 707 न्यूयॉर्कला जाऊ लागलं आणि 2007 पासून मुंबई-न्यूयॉर्क न थांबता. त्याआधीचं माप हवं असेल तर आनंदीबाई जोशींचं घ्यावं. 7 एप्रिल 1883 ला कलकत्त्याहून बोटीनं निघालेल्या आनंदीबाई 4 जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. जवळजवळ पूर्ण एप्रिल-मे त्या वाटेवर होत्या, अठरा वर्षांच्या, नवऱ्याविना. त्यांच्या त्या प्रवासाला आजच्या तासांनी भाग देणं मला बरं वाटत नाही, म्हणून पुस्तकात तशी तुलना केलेली नाही.

कळंबसाठी महत्त्वाचा आकडा एकच: सर्वांत जवळचं चालू विमानतळ किती तासांवर आहे. लातूरला आणि धाराशिवला धावपट्ट्या आहेत, पण तिथं नियमित प्रवासी उड्डाणं रुजली नाहीत. 27 एप्रिल 2017 ला 'उडान' योजनेची सुरुवात झाली, त्या पहिल्या दिवसाच्या मार्गांत नांदेड-हैदराबाद होता. मराठवाड्याला त्याचा अभिमान वाटला होता. 2025 मध्ये सोलापूरहून गोव्याला आणि नंतर मुंबईला नियमित विमान सुरू झालं. कळंबहून सोलापूर सरळ रेषेत शंभर किलोमीटर. त्याच वर्षी 8 ऑक्टोबरला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि 25 डिसेंबरला तिथून देशांतर्गत उड्डाणं सुरू झाली. पुण्याकडून येणाऱ्याला हे विमानतळ मुंबईची गर्दी लागण्याआधीच भेटतं. इथून लांब पल्ल्याची आंतरराष्ट्रीय उड्डाणं नीट रुळली, तर कळंब ते परदेश या प्रवासात वाचणारा वेळ कुठल्याही वेगवान विमानानं वाचवलेल्या वेळेपेक्षा जास्त असेल. माझं ठाम मत आहे की तालुक्यांच्या विकासाचे आराखडे करताना रस्ता किती किलोमीटर झाला याबरोबर हाही आकडा मांडला जावा: इथून नियमित विमान असलेलं ठिकाण किती तासांवर, आणि रात्री किती तासांवर.

रात्री, हे मी मुद्दाम लिहितो. दूर राहणाऱ्यांना हे अंतर खरं कळतं ते घरून निरोप येतो तेव्हा. वडील दवाखान्यात आहेत, ताबडतोब निघ. मुलगा पहिल्या मिळेल त्या विमानाचं तिकीट काढतो, आणि त्याच वेळी कळंबला घरातली माणसं वडीलधाऱ्यांना विचारतात: थांबायचं की उरकायचं? त्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं तर कुणाला तरी हे सगळं गणित माहीत असावं लागतं. थेट विमान आहे का, मध्ये थांबा किती, मुंबईत तो किती वाजता उतरेल, तिथून त्या वेळी गाडी मिळेल का, पावसाळ्यात घाट कसा आहे. 'उद्या पोचेल' असं बोलून टाकलेलं उत्तर पुढं आयुष्यभर सलतं. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण या एकाच हिशोबाचं आहे. ते मी सर्वांत काळजीनं लिहिलं. घरातल्या कुणीतरी ते गरज पडण्याआधी, शांत डोक्यानं वाचून ठेवावं.

एक व्यवहाराची सूचना. संगणकावर किंवा फोनवर अंतर शोधताना 'कळंब' एवढंच लिहू नका. यवतमाळ जिल्ह्यात, चिंतामणीच्या देवळासाठी प्रसिद्ध असलेलं आणखी एक कळंब आहे, पुणे जिल्ह्यात आहे, वसईजवळच्या किनाऱ्यावरही आहे. जिल्ह्याचं नाव जोडलं नाही तर भलत्याच कळंबपासूनचं अंतर हाती येतं. इंग्रजीत आपल्या गावाचं स्पेलिंग दोन तऱ्हेनं होतं, तेही तपासा.

पुस्तकातली अंतरं बदलणार नाहीत. तासांचे आकडे मात्र बदलतील. विमान कंपन्यांची वेळापत्रकं वर्षातून दोनदा, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. मार्ग सुरू होतात, बंद होतात, आकाशं बंद होतात. म्हणून इथले तास अंदाजासाठी वापरा, आणि घर सोडण्याआधी आपल्या उड्डाणाची वेळ कंपनीकडून त्या दिवशी पुन्हा विचारून घ्या.